थंडोबाचं गाऱ्हाणं

एखाद्या माणसाला रागच येत नाही असं दिसलं, की लोक दोनच कारणं धरतात. एक तर तो संत असतो, नाही तर बहिरा. पिठाच्या गिरणीचा मालक दोन्ही थोडा थोडा होता, पण लोकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं आणि त्याला संत करून टाकलं. नाव मात्र ठेवलं थंडोबा. संताला नाव ठेवल्याशिवाय लोकांना त्याच्या पाया पडल्यासारखं वाटत नाही.

हमालाने त्याच्या पायावर पोतं आपटलं, तर तो म्हणे, "हळू रे बाबा, गहू सांडतील." पीठ जाड आलं म्हणून कुणी डबा त्याच्यासमोर उपडा केला, तर तो शांतपणे केरसुणी आणी. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर कुणाही दोन भांडणाऱ्या माणसांच्या मध्ये उभे राहून सांगत, "जरा गिरणीत जाऊन बघा. त्या माणसाच्या डोक्यात बर्फाचा कारखाना आहे." समाधान, श्रद्धा, कामावरची निष्ठा असा काही विषय चार माणसांत निघाला की बोटं आपोआप गिरणीकडे वळत. थंडोबा हे सगळं मान खाली घालून ऐके. मान खाली घातली की मिशीतलं हसू दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आता त्या समाधानाचं मूळ कुठे होतं ते सांगायला हवं, कारण ते डोक्यात नव्हतं. ते घशात होतं.

गिरणी बापाच्या वेळची. यंत्र असं की सुरू झालं की जमीन हले, खिडकीच्या काचा हलत, आणि दळण घेऊन आलेल्या माणसाच्या नाकावरचा चष्मासुद्धा हळूहळू खाली सरके. आत बोलणं अशक्य. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं की बारीक, मूठ दाखवली की जाड, एवढीच तिथली भाषा. लोक डबा रांगेत ठेवत, खूण करत, आणि रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसत. आत उरे एकटा थंडोबा. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, एक हात गव्हात, एक हात दगडांमधलं अंतर कमीजास्त करणाऱ्या चाकावर. पट्टा आपला फटफट फिरतोय. आणि त्या कल्लोळात तो पोटातून ओरडून देवाशी बोले.

ही रीत बापाचीच. बाप म्हातारपणी ठार बहिरा झाला होता, आणि बहिऱ्या माणसाप्रमाणे त्याला वाटे की सगळं जगच बहिरं आहे. देव तर काय, बापाहूनही म्हातारा. "मनातल्या मनात पुटपुटून वर काही पोचत नाही," तो पोराला सांगे. "डबा समोर घ्यायचा, घराचं नाव घ्यायचं आणि खणखणीत बोलायचं. आणि खडे आधी काढायचे, मग दळायचं." म्हणजे असं, की आधी त्या माणसाबद्दलची सगळी तक्रार देवाच्या कानावर घालायची, मन निवडून स्वच्छ करायचं, आणि मगच त्याच्यासाठी काय मागायचं ते मागायचं. खडे पोटात ठेवून केलेली प्रार्थना दातांखाली कचकचते, असं बापाचं म्हणणं.

थंडोबाने हे व्रतासारखं पाळलं. मास्तरांचा डबा उघडला की तो गरजे, "देवा, मास्तर आलाय! चेपलेला डबा, चेपलेलं मन! शाळा सुटली, पण याची छडी सुटली नाही, गल्लीभर सगळ्यांना शिकवत फिरतो! मीठ जास्त पडलं तरी बायकोला शुद्धलेखन सांगतो!" मग श्वास घेई, गहू वर ओती आणि म्हणे, "पण याचा पोरगा दूर गेलाय आणि चौकशी करत नाही. म्हातारा रोज दुपारी दारात येऊन उभा राहतो. पोराला आठवण दे."

डब्यामागून डबा, घरामागून घर. संध्याकाळी यंत्र बंद झालं की थंडोबाच्या पोटात कुणाबद्दल एक खडा उरलेला नसे. एखाद्या रिकाम्या पोत्यासारखा हलका होऊन तो हातपाय धुई. नुसतं पीठ काढणारे गिरणीवाले पुष्कळ होते. आपण घरं दळतो, दळता दळता ती वर दाखवतो, आपल्या हातून गावाची वकिली होते, असं त्याला वाटे. शिवाय मागितलेलं मिळतंही होतं, हे महत्त्वाचं. मास्तरांच्या पोराचा खरंच फोन आला. शिंपीणबाईला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं आणि ती मानायला तयार नव्हती, तर देवाने तिला अक्कल दिली आणि तिने चष्मा केला. एवढंच कशाला, एकदा घरच्या भोपळ्याच्या भाजीला कंटाळून तो यंत्राच्या आवाजात किंचाळला होता, "देवा, आता भोपळा नको!" तर त्यानंतर घरात भोपळा आलाच नाही. इतक्या बारीक गोष्टीत देव लक्ष घालतो म्हटल्यावर माणसाने नम्र राहावं तरी किती? तो राही, पण त्याला कष्ट पडत.

घरी मात्र तो अगदी गप्प. दिवसभर बोलून आलेला वकील घरी काय बोलणार? "मीठ", "पाणी" आणि "झोपतो", यांत त्याचा संसार आटपे. बायकोने कधी तक्रार केली नाही. गिरणीच्या भिंतीला पाठ लावूनच तिचं स्वयंपाकघर होतं, तिथे तिचा दिवस जाई. बायकाही तिला म्हणत, "नशीबवान आहेस बाई, नवरा एका शब्दाने बोलत नाही." ती म्हणे, "हो ना, एका शब्दाने नाही."

असं सगळं नीट चाललं होतं, तर जावई आला.

जावई भला माणूस. भल्या माणसांनी जगात जेवढी उलथापालथ केली तेवढी वाईटांना जमलेली नाही. तो कानांत बोटं घालून गिरणीत उभा राहिला आणि ओरडला, "बाबा, या आवाजानं तुम्ही बहिरे व्हाल!"

"काय म्हणालात, जावईबापू?" थंडोबाने विचारलं.

झालं. महिना उलटायच्या आत जावयाकडून नवं यंत्र आलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, आणि मुलीचा आईला निरोप की बाबांना सांग, ही आमची भेट आहे, नाही म्हणायचं नाही. जावयाच्या भेटीला नाही म्हणणं म्हणजे मुलीला नाही म्हणणं. जुनं यंत्र भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं. थंडोबाला बापाला दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं वाटलं, पण बोलला नाही. बोलायची जागाच टेम्पोत निघाली होती.

पहिल्या दिवशी नवं यंत्र बघायला माणसं गोळा झाली. बाकावर कुणी बसेना, सगळे आत. यंत्र सुरू झालं तर पोट भरलेल्या मांजराने घुर्रघुर्र करावं तेवढाच आवाज. "वा!" मास्तर म्हणाले. "याला म्हणतात प्रगती."

पहिला डबा शिंपीणबाईचा. थंडोबाने झाकण काढलं, गव्हात हात घातला, सवयीने डोळे मिटले आणि पोटातून आवाज काढला.

"देवा, शिंपीणबाई आलीय! अर्धे गहू, अर्धे खडे! जेवढं कापड कापत नाही तेवढी लोकांची अब्रू कापते! स्वतःच्या सुनेला टाचण्यांवर चालवते आणि जगाला मापं शिकवते..."

इथे तो थांबला, कारण कुणीतरी ओरडतंय असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कामावर असताना स्वतःचा आवाज ऐकला होता. त्याने डोळे उघडले. पीठ कापडी तोंडातून मऊ मऊ पडत होतं, तेही ऐकू येत होतं.

"थांबलात का?" शिंपीणबाई म्हणाली. "चालू द्या की. सुनेपर्यंत आलात, आता माहेरच्यांपर्यंत जा."

 यापुढेच तर खरी प्रार्थना होती. खडे काढून झाले होते, दळायचं तेवढं राहिलं होतं. पण एवढ्या डोळ्यांसमोर कुणासाठी काही मागणं म्हणजे उघड्या रस्त्यावर अंघोळ करण्यासारखं होतं. तो नुसताच गव्हात हात फिरवत राहिला.

शिंपीणबाईने अर्धं दळण तसंच उचललं. "राहू द्या. उरलेले खडे घरी बसून निवडते."

मास्तर खाकरले. "बरं, सहज विचारतो हं. माझ्याबद्दल असं काही...?"

"तुमचा... तुमचा डबा अजून यायचाय," थंडोबा कसाबसा बोलला.

"तो येणारही नाही," असं म्हणून मास्तरांनी रांगेतला आपला चेपलेला डबा काखोटीला मारला.

संत कोसळला की मोठा आवाज होतो, आणि लोकांना तो फार आवडतो. चौकापलीकडे दुसरी गिरणी होती, तिची रांग त्या आठवड्यात वाढली. पण थंडोबाला रांगेचं एवढं काही वाटलं नाही. त्याला खरी धास्ती होती ती वेगळीच. त्याची प्रार्थना बंद पडली होती.

मनातल्या मनात करून बघितली, तर दोन वाक्यांत मन पट्ट्याकडे जाई, आणि पट्टा तर आता यंत्राच्या पोटात लपलेला. कुजबुजून बघितलं, तर जे काही गिऱ्हाईक उरलं होतं ते कान पुढे करून जवळ सरके. एकदा दुपारी तो गावाबाहेर मोकळ्या माळावर गेला आणि "देवा!" म्हणून ओरडला. लांबवर एक बैल मान वर करून बघायला लागला. पुढे काय बोलावं ते थंडोबाला सुचेना. डबा समोर नाही, तर कुणाचं नाव घ्यायचं?

हळूहळू पोटात खडे साचायला लागले. हमालाने पोतं जरा जोरात ठेवलं, तर थंडोबा खेकसला, "डोळे काय घरी ठेवून आलास?" हमाल इतका दचकला की त्याने पोतं परत उचललं. पीठ मळकट आलं असं एकीने म्हटलं, तर त्याने तिला तिचे गहू काढून दाखवले, एकेक करून. काम तेच, हात तेच, पीठ तर पूर्वीपेक्षा बारीक. पण संध्याकाळी अंग असं जड होई की दगड आपणच ओढलेत. देवाने दार लावून घेतलंय, हे त्याच्या मनाने पक्कं धरलं.

त्याचा पुरावाही मिळाला. एका संध्याकाळी तो जेवायला बसला, तर ताटात भोपळा.

त्याने हात मागे घेतला. चेहरा पांढरा पडला, आणि या वेळी पिठाने नव्हे. "बघितलंस?" तो म्हणाला. "इतकी वर्षं आला नव्हता. गाऱ्हाणं थांबलं आणि आला. देवाने माझ्यावरचा हात काढून घेतला."

बायको आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग तिला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते.

"अहो, देवानं कशाला? बाजारात दुसरं काही नव्हतं म्हणून मी आणला. तुम्ही हल्ली काही सांगतच नाही, मला कसं कळणार चालतो की नाही?"

"मी तुला कधी सांगितलं होतं?"

तिने मानेने भिंतीच्या वरच्या बाजूचा झरोका दाखवला. धूर जाण्यासाठी बापाने ठेवलेला. "यंत्राचा आवाज काय, तो माझ्या कानाला घरच्या माणसासारखा झाला होता, त्याच्याकडे लक्ष जात नसे. वरून तुमचा आवाज मात्र यायचा. स्वच्छ. लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकतेय."

थंडोबा ताटाकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात एकेक डबा उघडायला लागला.

"मास्तरांच्या पोराला..."

"फोन मी लावला. म्हटलं, बाप दारात उभा असतो रे."

"आणि शिंपीणबाईचा चष्मा?"

"तिच्यापुढे सुईत दोरा ओवायला बसले आणि मला दिसत नाही असं सोंग केलं. म्हटलं, चला, आपण दोघीही डॉक्टरांकडे जाऊ. मला उगाच थेंब घातले डोळ्यांत."

"म्हणजे ते सगळं तू केलंस?" तो जवळजवळ ओरडलाच. "मग इतकी वर्षं मी बोलत होतो ते कुणाशी? तुझ्याशी?"

"माझ्याशी कुठे बोललात?" तिचं हसू थांबलं. "माझ्याशी 'मीठ' आणि 'पाणी'. देवाशीच बोलत होतात, मी आपली ऐकत होते. आणि सगळं काही मी केलं नाही. तापात त्या हमालाचं पोर वाचलं, त्यात माझा काय हात? मी पण तुमच्यासारखीच भिंतीला डोकं टेकून बसले होते. जमेल तेवढं मी केलं, न जमेल ते त्याच्यावर सोडलं. त्यालाही दोन हात मदतीला लागत असतीलच की."

 भोपळा निवला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "गल्लीतलं एक घर सोडलं नाहीत तुम्ही. चौकातल्या त्या भांडकुदळ बाईसाठीसुद्धा मागितलंत. मी रोज कान लावून बसायची. म्हणायची, आज येईल आपलं नाव, आज येईल. भोपळा आला, उशी टोचते ते आलं. पण माझ्यासाठी कधी काही मागितलं नाहीत. मागायला नको, पण निदान तक्रार?"

 'तुला काय कमी होतं' असं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण ते ताटातल्या भोपळ्याकडे बघून त्याने गिळलं. असा तो शहाणाही होता.

सकाळी गिरणी उघडली, तर दारात शिंपीणबाई. डबा कमरेवर, चष्मा नाकावर.

"तुमची बायको येऊन गेली घरी. म्हणते, तुम्ही अर्धंच ऐकलंत, पुढे आणखी असतं. ते ऐकायला आलेय. बरं नसलं तर डबा घेऊन जाईन, आधीच सांगते."

पाठोपाठ मास्तर, आणि त्यांच्यामागे आणखी दोनचार जण. फुकटची करमणूक कुणी सोडत नाही. थंडोबाने दरवाजाकडे बघितलं. पळायला वाट होती, पण वाटेत मास्तर उभे होते. त्याने यंत्र सुरू केलं, डबा घेतला, गव्हात हात घातला. या वेळी ओरडायला जमलं नाही. आवाज आला तो माणसाचा.

"देवा, शिंपीणबाईचा डबा. खडे अर्धे..."

"अर्धे नसतात. मूठभर असतात."

"मूठभर, देवा. जिभेने कापते ते मागेच सांगून झालंय." तो थांबला. खाली गव्हाकडे बघत हळूच म्हणाला, "पण तिच्या उजव्या हाताला कंप सुटलाय. ती तो लपवते. दुसरं काही तिला येत नाही, आणि शिवणं सुटलं तर ती सुनेपुढे बसून काय करील? तेवढा हात राहू दे."

शिंपीणबाईचा उजवा हात पदराखाली गेला.  यंत्र घुर्रघुर्र करत होतं.

"जाड दळू नका," शेवटी ती म्हणाली, आणि डबा सोडून बाकावर जाऊन बसली.

मग मास्तरांनी आपला डबा पुढे सरकवला. "होऊ द्या. खडे कमी काढलेत तरी चालेल." पण थंडोबाने काही कमी केलं नाही, शुद्धलेखनसुद्धा सांगितलं, आणि लोक हसले. नंतर पोराचं निघालं तेव्हा मास्तरांनीच खिडकीकडे तोंड फिरवलं. असे रांगेतले डबे एकेक होत गेले. थंडोबाचा चेहरा सैल पडत चालला होता. एवढ्या लोकांसमोर मागताना लाज वाटत होती हे खरं, पण लाज ही काही खड्यासारखी टोचत नव्हती.

रांग संपली. त्याने पुढचा डबा घ्यायला हात लांब केला आणि हात तसाच राहिला. तिथे डबा नव्हता. तो शोधत होता तो स्वतःच्या घरचा डबा, आणि तो तिथे कधीच नव्हता. गिरणीवाल्याच्या घरी वेगळं दळण नसतं. प्रत्येकाच्या डब्यामागे यंत्रात जे चिमूट-मूठ राहतं, खाली जे सांडतं, ते संध्याकाळी झाडून घरात जातं. सगळ्या गल्लीच्या गव्हाचं पीठ त्याची बायको मळत आली होती. डब्याप्रमाणे प्रार्थना, आणि तिचा डबाच नाही. म्हणजे ते गणित इतकं सोपं होतं, आणि गणित करणारा दुसरा कुणी नसून गावाचा वकील होता.

"अगं!" त्याने झरोक्याकडे तोंड करून हाक मारली. "डबा आण!"

"कसला?" पलीकडून आवाज आला.

"आपला!"

"आपला डबा कुठाय?"

"असेल त्यात गहू घे आणि ये!"

ती आली तेव्हा हातात पाहुण्यांसाठी राखलेला बरणीवजा डबा होता, आणि त्यात ओटी भरण्यासाठी ठेवलेले गहू. बाकीच्यांनी वाट दिली. तिने डबा नवऱ्यासमोर ठेवला आणि गिऱ्हाइकासारखी बाजूला उभी राहिली.

थंडोबाने झाकण काढलं. गव्हात हात घातला, काढला, पुन्हा घातला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "खडे आधी. मला सवय आहे."

"देवा," तो म्हणाला, "ही आमची. इतकी वर्षं चोरून ऐकत होती. तुझी कामं परस्पर उरकत होती. मी सगळं श्रेय तुला दिलं, आणि तूही ते गपचूप घेतलंस, हे तुला शोभलं नाही. ही तर त्याहून लबाड, बोलली नाही." मागून कुणीतरी फुसकन हसलं. थंडोबाने गहू ओंजळीत घेतले. काय मागावं ते त्याला ठाऊक नव्हतं. जिच्यासाठी मागायचं तिला काय हवं असतं, एवढंही आपल्याला माहीत नाही, हे त्याला इतक्या लोकांत उभं असताना कळलं.  पीठ पडायचं थांबलं होतं, रिकामं यंत्र फिरत होतं.

"हिचे कान शाबूत ठेव," तो शेवटी म्हणाला. "आमच्या घरात कान टिकत नाहीत. हिचे तेवढे शेवटपर्यंत ठेव. बाकी काय हवंय ते मी तिलाच विचारीन."

त्याने गहू वर ओतले. बायकोने पदराच्या टोकाने डब्याची कड पुसली.

"बारीक हवंय," ती म्हणाली. "हे देवाला नाही, तुम्हाला सांगतेय."

थंडोबाने चाक फिरवलं.